मेसनची साथ सुटली

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

अर्ल स्टॅनले गार्डनरच्या पेरी मेसन या वकिलाच्या रहस्यकथांचा पुढचा गठ्ठा पाठवू का, असं तू विचारलंस. नको, राहू दे. माझं मन त्यातून उडालंय, आणि ते का, हे तुला नीट सांगावंसं वाटतं.

१९३३ सालचं पहिलं पुस्तक आठव. खुनाच्या वेळी मेसनचाच आवाज ऐकल्याचं त्याची अशील सांगते आणि वकील स्वतःच संशयात सापडतो. तिचं वकीलपत्र तो तरीही सोडत नाही. त्या मेसनवर माझा जीव होता. पुढे पुढे त्याला कशाची झळच लागेनाशी झाली. प्राथमिक सुनावणी खरं तर खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच बघायला असते. पण ज्युरी बसायच्या आतच तिथे खरा गुन्हेगार उघडा पडतो, सरकारी वकील बर्गर हात चोळत बसतो. ८२ कादंबऱ्या! मेसनचं वय वाढत नाही, आणि एखादा खटला त्याच्या मनात घर करून राहिलाय असंही कधी दिसत नाही. त्याची सेक्रेटरी डेला, तिनं त्याला लग्नाला नकार दिला, तेही मागे पडलं. उलटतपासणी मात्र शेवटपर्यंत झकास. पिस्तुलांची अदलाबदल करून तो साक्षीदाराला गोंधळात टाकतो, ती पानं मी आजही वाचेन.

खरी खंत वेगळीच आहे. गार्डनर स्वतः कॅलिफोर्नियात वकिली केलेला माणूस. १९४८ पासून त्यानं जाणकार मंडळी जमवून 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' चालवलं. निरपराध असून तुरुंगात खितपत पडलेल्यांची प्रकरणं ते पुन्हा तपासायचे. म्हणजे चुकीची ओळख पटवणं, घाईचा तपास, दुबळा बचाव यापायी माणूस कसा आयुष्यातून उठतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग मेसनच्या एका तरी अशिलाला ते का भोगावं लागू नये? १९५६ च्या एका पुस्तकात ज्युरी आरोपीला दोषी ठरवते तेव्हा मी सावरून बसलो होतो. पण तिथेही शेवटी कलाटणी आलीच. निर्दोष माणूस सुटणारच, ही खात्री एकदा झाली की त्याच्यासाठी जीव टांगणीला कसा लागणार, सांग!

तुझा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. तू वाच, आवडलेली उलटतपासणी मला जरूर कळव. आणि रद्दीवाल्याकडे गार्डनरचं त्या खऱ्या प्रकरणांवरचं, १९५२ सालचं पुस्तक दिसलं, तर माझ्यासाठी घेऊन ठेव. कितीही फाटकं असो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन