नावातल्या ‘ट्यूबर’चा क्षयाशी संबंध नाही

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘डोळे घेणारे औषध’ हा लेख वाचला. व्हिगाबॅट्रिन या फिट्सवरच्या औषधाने नजरेचा कडेचा भाग जाऊ शकतो आणि गेला की परत येत नाही, हे खरेच आहे. आमच्या डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितले होते, सहीसुद्धा घेतली होती. पण मग तान्ह्या बाळांना ते देतात तरी का, यावर तुमच्या लेखकाने एक ओळ खर्च केलेली नाही. उलट ज्या आजारात ते देतात तो ट्यूबरस स्क्लेरोसिस म्हणजे ‘क्षयाचा एक प्रकार’ अशी नवीनच माहिती दिली. अहो, हा जनुकातला जन्मजात दोष. नावातला ‘ट्यूबर’ सोडला तर क्षयाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

माझी नात पाच महिन्यांची असताना झोपेतून उठली की दोन्ही हात फेकायची, मान पुढे टाकायची. एकदा, लगेच पुन्हा, असे वीस-वीस वेळा. आमची ही म्हणाली, दचकते आहे. मी म्हणालो, पोटात मुरडा असेल. ग्राइप वॉटर पाजण्यात आम्ही तीन आठवडे घालवले. मांडीवरचे पांढुरके डाग तर कोड समजून पाहुण्यांपासून झाकले. शेवटी डॉक्टरांनी खोलीत अंधार करून जांभळ्या दिव्याखाली तेच डाग पाहिले आणि ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या निदानाची दिशा मिळाली. या आजारातल्या अशा झटक्यांवर व्हिगाबॅट्रिनलाच पहिली पसंती असते. गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजने मोजून द्यायला सून शिकली. सहाव्या दिवशी झटके थांबले. डोळे दर तीन महिन्यांनी तपासतो.

आणि काल सकाळी साडेसातला धाकट्या बहिणीचा फोन: “दादा, ते औषध आजपासून बंद करा, पेपरात आलंय.” असे औषध एकदम तोडले तर झटके पुन्हा उसळतात, हे तिला कोणी सांगायचे? मीच सांगितले, अर्धा तास.

या झटक्यांचे पहिले वर्णन डॉ. वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहूनच केले होते, तेही स्वतःच्या मुलाबद्दल. तेव्हा पालकांची पत्रे अगदीच टाकाऊ नसतात. माझेही न कापता छापावे.

जाता जाता, लेखासोबतचे ते तोंडात चमचा कोंबलेल्या मुलाचे चित्र कोणी निवडले? फिट आलेल्याच्या तोंडात काहीही घालायचे नसते, कुशीवर वळवायचे असते. शेजारच्या काकूंनी ते कापून फ्रिजवर चिकटवले आहे.

– एक आजोबा, सातारा