हात काढल्यावरही वळणाऱ्या व्हीलचेअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : इलेक्ट्रिक व्हीलचेअरची सदोष जॉयस्टिक बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर मी आठ महिन्यांपूर्वी आईसाठी घेतली. गेल्या आठवड्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिने पदर सावरण्यासाठी जॉयस्टिकवरचा हात काढला, तर खुर्ची थांबण्याऐवजी डावीकडे वळू लागली आणि फूटरेस्ट शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आदळून वाकला. आईला लागले नाही, पण आता ती खुर्चीत बसायलाच तयार नाही.

आपल्या तंत्रज्ञांनी येऊन धूळ झटकली, जॉयस्टिकचा मध्य नव्याने ठरवून दिला आणि भेटीचे ६०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा डावीकडे! मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालो असल्याने मला याचे नवल वाटले नाही. त्यांनी डबी उघडली तेव्हा दांड्याखाली काटकोनात बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर मी पाहिले. एक पुढे-मागे आणि दुसरा डावे-उजवे मोजणारा. दांडा हलला की आतला सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवर घासत जातो, जागेनुसार ० ते ५ व्होल्टमधला विद्युतदाब मोटार चालवणाऱ्या कंट्रोलरला मिळतो आणि दांडा सोडल्यावर स्प्रिंगने तो मध्यावर येऊन २.५ व्होल्ट दिसायला हवेत. आपल्या तंत्रज्ञांच्याच मीटरवर मात्र डाव्या-उजव्या अक्षाला २.९ दिसत होते. झिजलेल्या पट्टीवर नवा मध्य ठरवणे म्हणजे चुकीलाच शून्य मानणे होय. झीज वाढली की तोही चुकणार. मध्याभोवतीचा निष्क्रिय टप्पा, म्हणजे दांडा हलला तरी खुर्ची हलत नाही तो भाग, वाढवला, तर संधिवाताच्या बोटांनी दांडा आणखी लांब ढकलावा लागेल.

माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. आपल्या माहितीपत्रकात ‘चुंबकीय, स्पर्शरहित सेन्सर’ असे ठळक छापले आहे. अशा, म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने दांड्याची जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये घासणारा संपर्कच नसतो, त्यामुळे पट्टी झिजण्याचा प्रश्नच आला नसता. ‘जॉयस्टिक म्हटली की थोडे इकडेतिकडे होणारच’ हे फोनवर मिळालेले उत्तर व्हिडिओ गेमला एक वेळ चालेल. १९८८ साली सेवेत आलेले एअरबस ए-३२० विमान वैमानिक जॉयस्टिकनेच चालवतात, हे उत्तर देणाऱ्यांना कळवावे.

तरी १५ दिवसांत माहितीपत्रकाप्रमाणे जॉयस्टिक व नवा फूटरेस्ट विनामूल्य बसवून ६०० रुपये परत करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. नवा भाग बसवताना आतला सेन्सर मला दाखवावा आणि मगच डबी बंद करावी.

आपला,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे