तुरीतून गोळी सरळ जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रानडुकरं अन् रोह्यांनी (नीलगायींनी) पिकाचं वाटोळं केल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतेत आणि खाली शेतकऱ्यांची एकच मागणी असते, गोळी घालायची परवानगी द्या. मागणीत चूक काहीच नाही, माझाही भुईमूग डुकरांनी एका रात्रीत उपसलाय. कायद्यातही सोय आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी लेखी परवानगी मिळू शकते. पण ह्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणीच काढत नाही, की आमच्याकडं डुक्कर काय उघड्या माळावर उभं राहून वाट बघत नसतं, ते असतं डोक्याएवढ्या तुरीत, उसात नाहीतर नाल्याकाठच्या वेड्या बाभळीत, म्हणजे गोळी मारायची ती आडोशातूनच.

त्याच्यावर गावातले हुशार लोक सांगतेत की हलकी गोळी फांदीला लागून वळते, पण ३१५ बोरच्या रायफलची जाड गोळी कशी फांद्या कापत सरळ जाते. मी फौजेत नोकरी केलेला माणूस आहे, मला हे अजिबात पटत नाही. परदेशातल्या शिकाऱ्यांचाही पूर्वी असाच समज होता, मग त्यांच्यातल्याच काहींनी लाकडी दांड्यांच्या रांगा उभ्या करून त्यातून बारीक-जाड, हळू-जोरात जाणाऱ्या अशा सगळ्या गोळ्या मारून बघितल्या, तर एकही गोळी भरवशाची निघाली नाही. जड गोळी कधी थोडी कमी वळते इतकंच, आणि तेही एकदा सरळ गेली म्हणून दुसऱ्यांदा जाईलच असं नाही.

कारण साधं आहे. रायफलच्या नळीत आतून पीळ असतो, त्याच्यामुळं गोळी भोवऱ्यासारखी गरगर फिरत जाते आणि फिरती आहे तोवरच तिचं टोक पुढं राहतं. फांदी बरोबर टोकाच्या मधोमध लागणं जवळपास अशक्यच, ती लागणार कडेला, मग टोक एका अंगाला ढकललं जातं, गोळी झोकांड्या खाते, कधी आडवी होते. नरम टोकाची असली तर फांदीवरच एका बाजूनं चपटी होते. रेंजवर झुडपाला घासून आलेली गोळी टार्गेटावर लगेच ओळखू येते, कागदाला गोल भोक पडायच्या ऐवजी गोळीच्या लांबीएवढी चीर पडलेली असते.

आता हिशोब करा. फांदी डुकराच्या पुढं ५ मीटरवर असली आणि गोळी फक्त १ अंश वळली तर फरक पडतो साधारण ९ सेंटीमीटरचा, म्हणजे डुक्कर पडेल तरी. पण तीच फांदी बंदुकीच्या तोंडाशी अन् डुक्कर ५० मीटर लांब असलं तर फरक होतो ८७ सेंटीमीटरचा, डुक्कर राहिलं बाजूला. आणि नेमकी हीच जवळची फांदी दिसत नाही. दुर्बीण नळीच्या वर तीन-चार सेंटीमीटर बसवलेली, तिच्यातून डुक्कर एकदम साफ दिसतं आणि नळीच्या समोर तुराटी आडवी आलेली असते ती दिसतच नाही, त्यात रात्रीचा टॉर्च.

चुकलेली गोळी जाते कुठं हा खरा प्रश्न आहे साहेब. रायफलची गोळी दोन किलोमीटरच्या पुढंही जाऊ शकते आणि आमच्याकडं तर शेजारचा आखाडा (शेतातली राहायची जागा) हाकेच्या अंतरावर, तिथं सालगडी लेकराबाळांसहित झोपलेला, कोणी पिकाला पाणी देत बांधानं फिरतंय. नाहीतर गोळी वळून डुकराच्या पोटात लागते, ते मरत नाही, उसात जाऊन बसतं आणि सकाळी तोडीला आलेल्या बायामाणसांच्या अंगावर येतं. जखमी डुक्कर काय करतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत.

म्हणून परवानगी द्या, पण उभ्या तुरीत, उसात, बाभळीत गोळी झाडायची नाही अशी अट त्याच कागदावर लिहा. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात डुकरं रात्री उतरतेतच, तिथं माळ्यावर बसून खाली मारा म्हणजे चुकली तरी गोळी मातीत जाईल. आधी आसपासच्या आखाड्यांवर निरोप गेला पाहिजे आणि जागा वनखात्याच्या माणसानं स्वतः येऊन बघितली पाहिजे, ऑफिसात बसून सही करून जमणार नाही. तोवर ज्याचं नुकसान झालं त्याचा पंचनामा तरी टायमावर करा, आमच्याकडं पंचनाम्याला माणूस येईपर्यंत रान मोडून दुसरी पेरणी झालेली असते.

आपला,
एक माजी सैनिक व शेतकरी
ता. हदगाव, जि. नांदेड