घोड्याच्या चंदीचं कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातलं सगळ्यात भारी सैन्य कोणतं’ यावरून वाचकांची जुंपलीय ती तीन आठवडे बघतोय. कोण रोमन म्हणतंय, कोण नेपोलियन, एकानं तर थेट अमेरिका लिहून टाकलं, आणि सगळे मोजतायत काय तर तोफा, तलवारी आणि जिंकलेला मुलूख. अहो पण घोडी खात काय होती? चंदीवर एक ओळ नाही कुणाची. घरात तीन पिढ्या बैलं आहेत म्हणून मला हेच आधी सुचतं, हसा खुशाल.

रशियाचंच घ्या ना. नेपोलियन 24 जून 1812 ला रशियाच्या सीमेवरची नेमान नदी ओलांडायला लागला, बरोबर चार लाखांच्या वर माणूस. सगळे म्हणतात थंडीनं खाल्लं त्याला. पण घोडी मरायला लागली ती जूनमध्येच, पहिल्याच आठवड्यात! पाऊस झोडपतोय, दाण्याच्या गाड्या मागं चिखलात, मग काय, उभ्या शेतातलं कच्चं हिरवं पीक कापून पुढ्यात टाकलं आणि हजारोंनी घोडी आडवी झाली. हिरव्या घासावर सुटून फुगलेलं जनावर ज्यानं रात्रभर जागून बघितलंय त्याला यापुढचं सांगायला नको. 19 ऑक्टोबरला मॉस्को सोडलं, पुढं बर्फ लागलं, आणि बहुतेक घोड्यांच्या नालांना बर्फात रुतणारे खिळेच नव्हते. कोलँकूर म्हणून त्याचा सरदार होता, आधी रशियात राजदूत राहून आलेला, त्यानं आपल्या ताब्यातल्या घोड्यांना तसले नाल मारून घेतले होते. बाकीची चढाला घसरली की उठायची नाहीत, मग तोफा तिथंच रस्त्यात. आमच्याकडं बैलाच्या खुराची एक पत्री निघाली तरी म्हातारा गाडी जुंपू द्यायचा नाही, आणि हा म्हणे सम्राट.

आता मंगोल बघा. चंगीझखानाचा नातू बातूखान आणि त्याचा सेनापती सुबुताई त्याच रशियात मुद्दाम हिवाळ्यात घुसले, डिसेंबर 1237 ला रियाझान पडलं आणि फेब्रुवारीत व्लादिमिर, कारण गोठलेली नदी म्हणजे त्यांचा हायवे. एकेका स्वाराकडं तीन-चार घोडी, ठेंगणी, दिसायला काही खास नाहीत पण खुरानं बर्फ उकरून खालचं गवत खाणारी, एक दमलं की दुसऱ्यावर मांड, आणि घोडीचं दूध स्वाराच्या पोटाला. पुढं 1241 च्या एप्रिलात 9 तारखेला पोलंडात लेग्नित्सा मारलं आणि 11 ला हंगेरीत मोही, दोन वेगळ्या फौजांनी, मधे शेकडो किलोमीटर अंतर, मोबाइल नाही काही नाही. माझं मत मंगोलांनाच.

यावर आमचा भाचा म्हणतो, मामा मग पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या फौजेनं त्यांना 1260 मध्ये कसं काय तुडवलं? बरोबर विचारलं पोरानं. पण तिथं लढायला मागं राहिलेलं सैन्य थोडं होतं, त्यांचा म्होरक्या हुलागू मुख्य फौज घेऊन आधीच परत फिरलेला. सगळ्या मंगोलांचा मोठा खान मोंगके वारला म्हणून फिरला असं सांगतात ते खरंय, पण पुढं फ्रान्सच्या राजाला धाडलेल्या पत्रात त्यानं स्वतःच चारा संपल्याचं लिहिलंय. सीरियात एवढ्या घोड्यांना गवत आणायचं कुठून! व्हिएतनाममध्ये पण तेच, 1288 मध्ये धान्याची जहाजं आधी बुडाली आणि मग बाख डांग नदीत परतीच्या वाटेवर पात्रात रोवलेल्या खुंटांवर त्यांचं आरमार अडकलं.

आणि ते पुण्याचे वाचक, ज्यांनी पानिपत फितुरीमुळं आणि नशिबामुळं गेलं असं लिहिलंय, त्यांना एवढंच विचारा की रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर 1760 ला मारले गेल्यावर भाऊसाहेबांच्या छावणीला दाणा कुठून येणार होता. 14 जानेवारीला जी माणसं बाहेर पडली ती उपाशी होती हो, आणि घोडी त्यांच्याआधीपासून.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. कराड