सह्याद्रीतला मासा, बाराशे रुपये

महोदय,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका प्रदर्शनात नातीने हट्ट धरला, म्हणून बाराशे रुपयांना 'माशाचा दगड', म्हणजे माशाचा जीवाश्म, घेतला. "सह्याद्रीतला आहे काका, क्रिटेशियस काळातला, एकदम अस्सल," असे विक्रेता छातीठोकपणे सांगत होता. घरी कोमट पाण्यात जुना टूथब्रश फिरवला, तर शेपटीचा तपकिरी रंग सुटला आणि खवल्यांच्या जागी सुईने ओढलेल्या रेघा उरल्या. खाली निव्वळ काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा दगड. तीस वर्षे भूगोल शिकवून मी फसलो, हे कबूल करतो.

नाशिकच्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा आहे. पांडवलेणी त्याच कातळात कोरली. त्या रसात मासा पडला असता तर राखही उरली नसती. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात जीव टिकतात, मुंबईत वरळीला सापडलेले बेडकांचे जीवाश्म त्यातलेच. पण तो गाळ, बसाल्ट नव्हे. आपल्या बसाल्टच्या पोकळ्यांत मिळतात ते झिओलाइटचे स्फटिक. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते डोळे भरून पाहावेत.

क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातले, मासे पाहावेत तर ब्राझीलच्या अरारिपे खोऱ्यातले. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे हे मासे चुनखडीच्या गोट्यांत मिळतात. गोटा फोडला की नारळासारखी दोन शकले होतात आणि आतला मासा अनेकदा चपटा न होता अंगाने भरलेला असतो. कुजण्याआधीच फॉस्फेट मांसात बसल्याने काहींचे स्नायू आणि कल्लेही टिकले. राकोलेपिस या माशाचे तर हृदय सापडल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. हे जीवाश्म तिथे १९४२ पासून सरकारी मालमत्ता आहेत.

असे मासे महाराष्ट्रातही सापडले आहेत, बरे का! चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लॅमेटा नावाच्या गाळाच्या थरांतल्या माशांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. त्यातल्या एकाला नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आहे. आमच्या नातीला हे शाळेत कुणी सांगितले नव्हते; मीही कधी वर्गात सांगितले नाही.

प्रदर्शनाला मैदान देणाऱ्यांनी एवढेच करावे : दगड कुठला आणि खरा की घडवलेला, हे पावतीवर लिहायला लावावे. मला तर पावतीच मिळाली नाही.

— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक