फोन न ठेवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव लिहीत नाही. तुम्हाला संकोच वाटेल, आणि तुमच्या वरच्यांना राग येईल.

पाठीच्या ऑपरेशननंतर काय करावं, काय टाळावं, याचं ते पत्रक तुमच्याशी बोलण्याआधी मला दोनदा मिळालं होतं. पहिल्यांदा जुन्या फॉन्टमध्ये, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या. वरून मराठी, पोटात रोमन अक्षरं. मला नीट दिसत नाही, म्हणून पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर वापरतो; तो जे बरळला ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण सांगायचं कुणाला? उत्तर आलं, "आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय." दिसणारच हो!

दुसरी फाइल युनिकोडमध्ये आली आणि तीच जास्त घातक निघाली, कारण ती घडाघडा वाचली गेली. अकरा ओळी. "रोज थोडं चालणे." "कमरेत वाकून वजन उचलणे." दोन दिवस मी विचार करत होतो, डॉक्टरांनी मला वजनं का उचलायला लावली असतील?

मग फोन तुम्ही घेतलात. "अहो, प्रत्येक ओळीआधी बरोबरची खूण नाहीतर फुली आहे की," म्हणालात. आणि लगेच, "तुमचं यंत्र त्या खुणेला काय म्हणतं? मला ऐकवता का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी फोन स्पीकरजवळ धरला. तुम्ही पुन्हा लावायला सांगितलंत. मग म्हणालात, "अगं बाई, हा तर गप्पच बसतो! थांबा, फोन ठेवू नका."

कारणही तुम्हीच शोधलंत. त्या खुणा विंगडिंग्जमधल्या, म्हणजे अक्षरांच्या जागी चित्रं दाखवणाऱ्या फॉन्टमधल्या. तिथे बरोबरची खूण म्हणजे खरं तर डोक्यावर दोन टिंबं असलेला रोमन यू, आणि फुली म्हणजे टोपी घातलेला यू. माझी पाठ त्या टोपीवर अवलंबून होती म्हणायची!

नव्या फाइलमध्ये तुम्ही खुणा काढून शब्द घातलेत आणि हाताने टाकलेल्या ठिपक्यांऐवजी खरीखुरी यादी केलीत. फॉन्टही असा घेतलात की मोठा केल्यावर माझ्या उरल्यासुरल्या नजरेला घ आणि ध, भ आणि म वेगळे कळतात. हे मी मागितलंही नव्हतं.

नियमात बसतं तेवढं करणारी माणसं वाईट नसतात, पण त्यांच्याशी बोलून फोन ठेवला की आपणच काहीतरी जास्त मागितलं असं वाटत राहतं. तुमच्याशी बोलल्यावर तसं वाटलं नाही.

आज सकाळी पत्रक पुन्हा लावलं. यंत्र म्हणालं, "शीर्षक. हे करू नका. यादी, पाच बाबी." पहिलीच बाब वजन उचलण्याची. पाठ बरी आहे, ताई.

तुमचा,
दोनदा ऐकवायला लावलेला पेशंट