मुन्या, आधी ते आकडे पुसून टाक

सांगली,
रविवार, रात्री अकरा

प्रिय मुन्या,

तुझा फोन ठेवला आणि हसू आवरेना. १६० पानांचा दिवाळी अंक आणि प्रत्येक पानाच्या तळाशी अंकाचं नाव नि पान नंबर तू हाताने चिकटवत बसलास! आता नवव्या पानावर जाहिरात घुसली, तिच्यापायी शेवटची कविता गेली, आणि मधले दीडशे आकडे एकेक घर पुढे. शिवाय डाव्या कोपऱ्यातला आकडा उजवीकडे न्यायचा, ते वेगळंच.

हसलो तो तुला नाही रे, मलाच. पानं जुळवायचं ते जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर, शिकत होतो तेव्हा एका स्मरणिकेत मी हेच केलं होतं. वर साल चुकलं. हाताने दुरुस्त केलं, तरी दोन पानांवर जुनं साल तसंच छापून आलं. तेव्हा प्रेसमधले काका काही बोलले नाहीत. खिडकीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या एल आणि आर या दोन अक्षरांवर बोट ठेवलं, बस्स. ती होती मास्टर पानं, म्हणजे सगळ्या पानांचा साचा: तिथे ठेवलं ते प्रत्येक पानावर आपोआप दिसतं. तिथे नंबरची खूण टाकली की एलएम, आरएम असं उमटायचं, आणि खऱ्या पानांवर बरोबर आकडे.

आता तू अंक लावतोयस त्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तेच पेजेस पॅनेलच्या वरच्या भागात आहे. तुझ्याकडे नवी आवृत्ती असेल तर तिथे ‘पेरेंट’ दिसेल. २०२२ च्या आवृत्तीपासून नाव बदललंय, काम तेच. ए-मास्टरवर डबल क्लिक कर. डावं-उजवं दोन्ही पान समोर येईल. दोन्हींच्या बाहेरच्या कोपऱ्यात फ्रेम काढ, टाईप मेनूतून स्पेशल कॅरेक्टर, मार्कर्स, करंट पेज नंबर. तिथे नुसतं ‘ए’ दिसेल, घाबरू नकोस. आता जाहिरात कुठेही घुसू दे, पान डावीकडचं उजवीकडे गेलं की आकडाही आपोआप बाहेरच्या कोपऱ्यात.

आकडे इंग्रजी येतील म्हणून तू ओरडशील, हे मला ठाऊक आहे. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी त्या एका खुणेला मी युनिकोडच्या आधीचा जुना फॉन्ट देतो, ज्यात इंग्रजी आकड्यांच्या जागी मराठी आकडे बसवलेले असतात. जुगाड आहे, पण चालतो.

मास्टरवर काय ठेवायचं, हे तू विचारलंस. लेख बदलला तरी जे बदलत नाही तेवढंच. लेखाचं शीर्षक तिथे नाही. कवितांच्या विभागाला वेलबुट्टी हवी असेल तर बी-मास्टर कर आणि तो ए वर आधारलेला ठेव. मग नंबरची जागा ए मध्ये हलवलीस की बी मध्येही हलते. पूर्ण पान जाहिरातींना ‘नन’ लाव, म्हणजे कुठलाच मास्टर नाही. आकडा छापला जात नाही, मोजणी मात्र चालू राहते.

एक खोड मात्र आहे. मास्टरवरच्या वस्तू त्याच लेयरवरच्या (म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी त्याच थरावरच्या) पानातल्या वस्तूंच्या खाली राहतात. तुझा पानभर फोटो आकडा गिळेल आणि तुला प्रूफात कळेल. नंबरसाठी सगळ्यात वरचा वेगळा लेयर कर.

आणि कंट्रोल-शिफ्ट दाबून मास्टरची वस्तू पानावर मोकळी करायची सवय लावून घेऊ नकोस. एका पानावर आकडा जरा डावीकडे हवा म्हणून मी असंच चार-पाच ठिकाणी केलं होतं. पुढे मास्टरवर आकडा हलवला, सगळी पानं हलली, ती पाच मख्ख. फार तर पेजेस पॅनेलच्या मेनूतून हे ओव्हरराइड, म्हणजे पानापुरते केलेले बदल, काढून टाकता येतात, पण आधी ती पानं सापडायला हवीत ना.

आता तुझ्या चिकटवलेल्या आकड्यांचं. मास्टर करण्याआधी ते सगळे पुसून टाक, नाहीतर प्रत्येक पानावर जुळी पोरं दिसतील. त्याला मात्र मला तरी काही युक्ती ठाऊक नाही. थर्मासभर चहा करून बस.

फाईल पाठव, मंगळवारी बघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या